दिनकरराव जवळकर : लेखणीची धार आणि सम्मावाचेची कसोटी

पुणे शहराबाहेर सत्यशोधक विचार ज्या भागात लवकर रुजला, त्यात जुन्नर तालुक्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ओतूर येथील बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मण पुरोहितावाचून लग्नकार्य उरकले म्हणून ग्रामजोशाने त्यांच्यावर दावा लावला. १८८० च्या दशकातील हा वाद थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि महात्मा जोतीराव फुले ओतूरकरांच्या पाठीशी उभे राहिले. त्याच ओतूरचे भीमराव महामुनी पुढे सत्यशोधक जलशाचे एक आद्य कलावंत म्हणून गाजले. वारूळवाडीला लागूनच नारायणगाव आहे, आणि नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. तमाशाचाच साचा घेऊन त्यात भटशाही, सावकारी आणि अज्ञान यांच्यावर कोरडे ओढणारा जलसा या मातीला परका वाटला नाही, यात नवल नाही.

दिनकरराव शंकरराव जवळकर (१८९८–१९३२) या तालुक्याचे नव्हेत. पुणे जिल्ह्यातीलच आळंदी (चोराची) हे त्यांचे गाव. तरीही त्यांच्या गद्याची चर्चा आम्ही वारूळवाडी-ओतूरच्या वाटेने सुरू केली, त्याला कारण आहे. जवळकरांचे गद्य फडावरचे आहे. केशवराव जेधे यांच्यासह ते पुण्याच्या छत्रपती मेळ्यात वावरले. समोर बसलेल्या श्रोत्याला हसवावयाचे, चिडवावयाचे आणि त्याच दमात जागे करावयाचे, ही मेळ्याची रीत त्यांच्या वाक्यावाक्यात उतरली आहे. निबंधकाराच्या मोजमापाने त्यांना मोजणारे समीक्षक म्हणूनच फसतात.

१९२५ साली पुणे नगरपालिकेत महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा प्रश्न जेधे यांनी उपस्थित केला आणि त्यावरून शहरात मोठे वादळ उठले. त्या वादळात ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका जन्मली. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक हे या पुस्तिकेचे लक्ष्य होते. फिर्याद झाली, १९२६ मध्ये जवळकर, जेधे, प्रस्तावनाकार केशवराव बागडे आणि मुद्रक लाड यांना शिक्षा ठोठावल्या गेल्या. अपिलात त्यांची बाजू मांडली ती बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, आणि सर्व आरोपी निर्दोष सुटले.

ही हकीकत आपल्या व्यासपीठांवरून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. अभिमान रास्तच आहे. परंतु तिच्यातून एक सोयीस्कर निष्कर्ष काढला जातो, तो आम्हांस मान्य नाही. बाबासाहेबांनी जवळकरांचा बचाव केला, म्हणून जवळकरांची शिवराळ वाक्ये ही जणू बाबासाहेबांनीच शिक्कामोर्तब केलेली भाषा होय, असा तो निष्कर्ष. वकिलाने अपील जिंकणे म्हणजे ग्रंथाला प्रशस्तिपत्र देणे नव्हे.

मग या भाषेची परीक्षा कशाने करावी? आपल्याजवळ सम्मावाचेची कसोटी आहे. पण सम्मावाचा म्हणजे केवळ गोड बोलणे, असा अर्थ करून जवळकरांना एका फटक्यात बाद ठरविणे हेही तितकेच चुकीचे होईल. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तात तथागतांपुढे नेमका हाच प्रश्न आला आहे. मुलाच्या घशात खडा अडकला तर रक्त निघाले तरी तो काढावाच लागतो. काढणाऱ्याच्या मनात करुणा असते. अप्रिय वचनही सत्य असेल, हितकारक असेल, तर योग्य वेळ जाणून ते बोलावे, असा तेथील अभिप्राय आहे.

या कसोटीवर ‘देशाचे दुश्मन’ अर्धे उतरते. आरोपांच्या मुळाशी सत्य होते. ‘निबंधमाले’तून फुल्यांच्या ग्रंथांची टवाळी झाली होती. १९१७ मधील अथणीच्या भाषणात टिळकांनी तेली, तांबोळी, शिंपी, वाणी यांनी कायदेमंडळात जाऊन काय करावयाचे आहे, असा सवाल केला होता. वेळही योग्यच होती, कारण फुल्यांचा पुतळा नाकारणारे पुणे समोर उभे होते. उणीव आहे ती हिताच्या बाजूने. जवळकरांचा घाव व्यवस्थेवर पडता पडता जन्मावर घसरतो. ज्या जन्मसिद्ध श्रेष्ठत्वाशी त्यांचे भांडण, तेच मोजमाप उलटे धरून ते वापरतात. धम्मपदाच्या अखेरच्या ब्राह्मणवग्गात ‘ब्राह्मण’ हा शब्दच जन्मापासून सोडवून आचरणाला जोडला आहे. जवळकरांची लेखणी तेथवर पोहोचत नाही.

हे मतांतर १९२७ मध्ये उघड झाले. महाडच्या सत्याग्रहाला जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण दोन अटी घातल्या : सत्याग्रह अहिंसक असावा आणि त्यात ब्राह्मणांना स्थान नसावे. बाबासाहेबांनी पहिली अट मान्य केली, दुसरी ‘बहिष्कृत भारता’तून स्वच्छपणे नाकारली. आपले वैर ब्राह्मण व्यक्तीशी नसून ब्राह्मण्याशी आहे, ही त्यांची भूमिका होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा त्यात गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे पुढाकाराने सामील होते. दुसरी अट मान्य झाली असती तर ते तेथे नसते! वर्षभरापूर्वी ज्यांना न्यायालयात सोडविले, त्यांनाच बाबासाहेबांनी तत्त्वाच्या प्रश्नावर नकार दिला. या दोन कृतींत आम्हांस विसंगती दिसत नाही.

परंतु जवळकर १९२७ पाशी थांबले नाहीत, आणि आपल्याकडील लेखनात नेमकी हीच बाजू वगळली जाते. त्यांनी ‘कैवारी’चे संपादन केले, १९२९ मध्ये ते इंग्लंडला गेले, परतल्यावर ‘तेज’ हे पत्र चालविले. ‘क्रांतीचे रणशिंग’ या पुस्तिकेतील जवळकर निराळे आहेत. येथे शेतकरी आणि कामकरी यांची लूट हा विषय आहे, मार्क्सवादाचा प्रभाव स्पष्ट आहे, आणि बहुजन समाजातील धनिकही टीकेतून सुटत नाहीत. जातीचे नाव घेऊन शत्रू दाखविणे सोपे होते. आपल्याच पंक्तीतला शोषक दाखविणे कठीण. हे कठीण काम त्यांनी आरंभिले असतानाच, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षाच्या सुमारास, १९३२ मध्ये त्यांचा अंत झाला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथे रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, ते ऐकावयास जवळकर हयात नव्हते. ते असते तर ब्राह्मणेतर पक्षातील सहकाऱ्यांप्रमाणे काँग्रेसकडे गेले असते, की बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाशेजारी उभे राहिले असते, याचा अंदाज बांधण्याचा मोह आम्ही टाळतो.

य. दि. फडके यांनी जवळकरांचे समग्र वाङ्मय संपादित केलेले आहे. विहारांच्या ग्रंथालयांनी ‘देशाचे दुश्मन’ची सुटी प्रत घेऊन न थांबता हा खंड मागवावा, आणि वाचकांनी तो ‘क्रांतीचे रणशिंग’पासून उघडावा.