तराजूत पक्ष की माणूस?

मंडळी, निवडणूक आली की पक्ष तोलून मत द्यावं, असं आपण सगळेच म्हणतो. पण सातारा-सांगलीत आपण खरंच काय तोलतो? उदयनराजे भोसले मे २०१९ला राष्ट्रवादीकडून निवडून आले. भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत हरले. २०२४ला त्याच भाजपकडून जिंकले. सांगलीत विशाल पाटील २०१९ला स्वाभिमानी पक्षाकडून पडले, २०२४ला अपक्ष म्हणून आले. साताऱ्यातली शरद पवारांची पावसातली सभा आपल्याला आठवते. त्या वेळच्या जाहीरनाम्यातलं एक तरी कलम आठवतं का?

आपण चिन्हाला बांधलेलो नाही, हे चांगलंच. पण लोकसभेत पक्षाचा व्हिप चालतो. त्याविरुद्ध मत दिलं, तर १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाऊ शकते. अपक्षाला व्हिप नसतो, पण तो एकटा पडतो. म्हणजे माणूस बघून दिलेलं मत शेवटी पक्षाच्याच खात्यात जातं.

उसाची एफआरपी आणि साखरेची निर्यात दिल्लीत ठरते. म्हणून घराणं, गट बघण्याआधी प्रत्येक उमेदवाराला आपण विचारू या: यावर तुमच्या पक्षाने लेखी काय दिलंय? उत्तर नसेल, तर ते पारडं हलकंच समजायचं.