भाकीत कोणाचे, बियाणे कोणाचे?

विज्ञान दिनाच्या निमित्ताने शाळांतून निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा होतात. त्यांत 'उद्याचे तंत्रज्ञान' हा विषय हमखास असतो. विद्यार्थी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या चाळतात आणि यादी तयार करतात : कृत्रिम बुद्धिमत्ता, ड्रोन, जनुक संपादन, हायड्रोजनवर चालणारी वाहने. यांपैकी कशाचा विजय होणार हे जितके ठासून सांगावे, तितके गुण अधिक. पुरवण्यांतील लेखांची रीतही याहून फारशी वेगळी नसते. भाकीत करणाऱ्याकडे दहा वर्षांनी कोणी हिशेब मागायला जात नाही. जे खरे ठरले ते लक्षात राहते, उरलेले रद्दीत जाते. या रीतीची जरा कठोर तपासणी करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. मराठवाड्यातील कापूस पुरेसा आहे.

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी हे गाव लागते. नृसिंहाच्या देवस्थानामुळे ते सर्वपरिचित आहे. हा सारा टापू काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीचा. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी ही येथील पिके आणि बरीचशी शेती पावसाच्या भरवशावर. अशा गावात तंत्रज्ञानाचे भाकीत हा करमणुकीचा विषय राहत नाही. मृगाचा पाऊस झाला की शेतकऱ्याला कोणते तरी बियाणे विकत घ्यावेच लागते. एकदा सरकी टोबली की निवड बदलायला पुढचा जून उजाडावा लागतो. म्हणजे तज्ज्ञाने केलेल्या भाकितावर पैज लागते ती शेतकऱ्याच्या खिशातून.

तीन भाकिते

गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत कापसाबाबत निदान तीन मोठी भाकिते झाली. पहिले नकारार्थी होते. कापसाच्या संकरित बियाण्यासाठी प्रत्येक फुलातील पुंकेसर हाताने काढून परागीकरण करावे लागते. इतक्या मजुरीचे बियाणे मोठ्या क्षेत्रासाठी परवडणार नाही, असे मानण्यास सबळ कारण होते. परंतु १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा 'एच-४' हा संकरित वाण आला आणि हाताने केलेल्या संकराचे बियाणे भारतात व्यापारी प्रमाणावर रुजले. त्यापाठोपाठ १९८०च्या दशकात मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील केंद्राचा 'एनएचएच-४४', म्हणजे शेतकऱ्यांचा 'नांदेड-४४', लोकप्रिय झाला. कोरडवाहू जमिनीत तग धरणे आणि रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देणे हे त्याचे गुण होते.

दुसरे भाकीत होकारार्थी होते. १९८०च्या सुमारास कृत्रिम पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके आली. अल्प मात्रेत ती बोंडअळ्यांचा फडशा पाडत. बोंडअळीचा प्रश्न संपला, असे वातावरण तयार झाले. पुढे सातच वर्षांनी, १९८७ मध्ये, आंध्र प्रदेशाच्या किनारी भागात अमेरिकन बोंडअळी या औषधांना दाद देईनाशी झाली आणि पीक हातचे गेले.

तिसरे भाकीत बीटी कापसाचे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे एक जनुक कापसात घातले की झाड 'क्राय-१-एसी' नावाचे प्रथिन तयार करते. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात हे प्रथिन क्रियाशील होते, आतड्याच्या अस्तराला छिद्रे पडतात आणि अळी मरते. मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारच्या समितीने जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्या वेळी देशात दोन तट पडले होते. एक म्हणे, फवारणी इतिहासजमा होईल. दुसरा म्हणे, हे बियाणे शेतात टिकणारच नाही. गंमत अशी की, हा वाद चालू असताना २००१ मध्ये गुजरातेत परवानगीवाचून विकलेला बीटी कापूस हजारो एकरांवर उभा असल्याचे आढळले होते.

आज मागे वळून पाहता कोण बरोबर ठरले? काही वर्षांतच देशातील कापसाचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली आले. २००१-०२ मध्ये रुईचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ३०० किलो होते, ते २००७-०८ मध्ये ५५० किलोच्या आसपास पोचले. अमेरिकन बोंडअळीवरील फवारण्या घटल्या. या वाढीत बीटीचा वाटा किती आणि सिंचन, खते व नव्या कीटकनाशकांचा किती, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बीटी शेतात टिकणार नाही हे म्हणणे खोटे ठरले, यात शंका नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २००५ मध्ये त्याच तीन वाणांची आंध्र प्रदेशातील परवानगी पुढे चालू ठेवण्यास समितीने नकार दिला. २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी कापूस आला. २०१० मध्ये, गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला पुरून उरल्याचे जाहीर झाले. २०१५ पर्यंत ती दोन जनुकांच्या कापसावरही जगू लागली आणि २०१७ च्या खरिपात मराठवाडा व विदर्भात तिने हाहाकार उडवला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. इतिहासजमा होणारी फवारणी परत आली होती. अलीकडच्या काळात देशाची सरासरी घसरून हेक्टरी ४५० किलोच्या आसपास आली आहे आणि कोरडवाहू महाराष्ट्राची त्याहून बरीच कमी आहे.

एक जनुक, तीन देश

'बीटी यशस्वी की अयशस्वी?' या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे एकाच अळीची तीन देशांतील कहाणी.

अमेरिकेत बीटी कापूस १९९६ मध्ये आला. ॲरिझोना राज्यातील शेतकऱ्यांनी बीटीच्या जोडीला साध्या कापसाचे पट्टे राखले. हेतू असा की, साध्या कापसावर वाढलेल्या, विषाला बळी पडू शकणाऱ्या पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर व्हावा आणि प्रतिकारशक्ती पसरू नये. २००६ पासून तेथे प्रयोगशाळेत वाढवलेले वंध्य पतंग सोडण्यात आले. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले.

भारतातही ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जात असे. ते बहुधा बांधावर किंवा उकिरड्यावर गेले. दोन-तीन एकरांच्या धन्याने, सावकाराचे कर्ज डोक्यावर असताना, अळ्या पोसण्यासाठी काही ओळी लावाव्यात ही अपेक्षा कागदावर ठीक होती. शिवाय आपल्याकडचे वाण दीर्घ मुदतीचे. ओलिताची सोय असली की फरदड घेतली जाई आणि कापसावरच जगणाऱ्या या अळीला हिवाळाभर अन्न मिळत राही.

यात आणखी एक बाब आहे आणि ती दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल. आपल्याकडे बीटी जनुक संकरित वाणातून आले. संकरित झाडात त्याची एकच प्रत असते. झाडाच्या पानापानांत विष असते, पण बोंडातील सरकी ही पुढची पिढी असते. स्वपरागीकरण झाले की मेंडेलच्या नियमानुसार चारपैकी तीन बियांत जनुक येते, एकीत येत नाही. गुलाबी बोंडअळी खाते ती नेमकी सरकी. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी दोन्ही प्रकारचे दाणे मिळतात. पुरेशी मात्रा पोटात न गेलेल्या अळ्या वाचतात आणि प्रतिकारशक्तीला वाव मिळतो, असे कीटकशास्त्रज्ञ सांगतात.

आता चीन पाहू. यांगत्से नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी संकरित कापसाची दुसरी पिढी पेरली. तेथेही ३:१ हेच गुणोत्तर लागू झाले, परंतु झाडांच्या पातळीवर. चारातले एक झाड पूर्णपणे बिनविषारी निघाले. म्हणजे साध्या कापसाचे पट्टे न राखताही ते शेतात आपोआप मिसळले गेले. अळीत दिसू लागलेली प्रतिकारशक्ती त्यामुळे मागे हटली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अकरा वर्षांच्या निरीक्षणांवरून दिसते. मेंडेलच्या एकाच नियमाने चीनमध्ये पीक राखले आणि आपल्याकडे अळीची सोय केली.

२००२ मध्ये जनुकाचे गुणधर्म कितीही अचूक माहीत असते, तरी त्यांवरून हे तीन निकाल सांगता आले नसते. निकाल ठरवला तो बियाण्याचा प्रकार, शेताचा आकार, पिकाची मुदत आणि कर्जाची रीत यांनी.

भाकितात चुकते कोठे?

पहिली चूक 'यश' या शब्दाची. विक्री हे यश मानले तर बीटी कापसाइतके यशस्वी बियाणे दुर्मीळ. गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त हे यश मानले तर निकाल उलटा. कोणाचे यश, कोणत्या जमिनीत आणि किती वर्षांसाठी, हे न सांगता केलेले भाकीत तपासता येत नाही आणि जे तपासता येत नाही त्याला विज्ञानाच्या तासाला स्थान नाही.

दुसरी चूक म्हणजे निसर्ग स्थिर आहे असे धरून चालणे. पूल बांधला तर नदी पुलाविरुद्ध उत्क्रांत होत नाही. अळी मात्र होते. पायरेथ्रॉइडचा धडा १९८७ मध्येच मिळालेला होता. सजीवांशी गाठ असलेल्या तंत्रज्ञानाच्या यशाला मुदत असते, हे गृहीत धरूनच बोलायला हवे.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आणि अधिक धोक्याची आहे. भाकीत वस्तुस्थितीवर परिणाम घडवते. बीटीच जिंकणार हे एकदा ठरल्यावर दुकानांतून बिगरबीटी संकरित बियाणे दिसेनासे झाले. नांदेड-४४ मध्ये बीटी जनुक नव्हते, म्हणून तो मागे पडला. पुढे विद्यापीठ आणि महाबीज यांच्या प्रयत्नांतून त्याचे बीटी रूप आले, पण तोवर मोठा काळ गेला होता. स्वातंत्र्याच्या वेळी देशातील जवळजवळ सर्व कापूस देशी जातींचा होता, आज त्यांचे क्षेत्र दोन-तीन टक्के उरले आहे. परभणीच्या केंद्राने देशी कापसावर पिढ्यान्‌पिढ्या काम केले आहे. त्यातील लांब धाग्याच्या वाणांना पोखर्णीच्या काळ्या जमिनीत किती वाव होता, हे दुकानातच बियाणे न मिळालेल्या शेतकऱ्याला कसे कळावे? ज्याची स्पर्धाच झाली नाही त्याला पराभूत म्हणणे हा तर्कदोष आहे.

चौथी चूक शर्यतीचे मैदान आधीच आखण्याची. २००२ मध्ये सारी चर्चा बीटी विरुद्ध बिगरबीटी अशी होती. प्रत्यक्षात मराठवाड्यातील अनेक शेतांतून कापसाला बाजूला सारले ते सोयाबीनने. ते कोणाच्याही 'उद्याच्या तंत्रज्ञाना'च्या यादीत नव्हते. कमी दिवसांत निघणारे, वेचणीची मजुरी नसलेले आणि रब्बीसाठी रान मोकळे करणारे पीक शेतकऱ्याने आपल्या हिशेबाने निवडले.

यावर कोणी म्हणेल, मग भाकीत करूच नये काय? तसे म्हणणे हा पळपुटेपणा होईल. संशोधनाचा पैसा कोठे घालावा, कोणते बियाणे पेरावे, हे ठरवताना भाकीत टाळता येत नाही. नकारार्थी भाकितालाही किंमत मोजावी लागते. संकरित कापूस परवडणार नाही, हे १९७० पूर्वीचे अनुमान सुरतेत प्रमाण मानले गेले असते, तर नांदेड-४४ जन्मालाच आला नसता. मागणी एवढीच आहे की, भाकीत अटींसह आणि मुदतीसह मांडावे आणि ते चुकल्यास नुकसान कोण सोसणार हे आधी लिहावे.

वर्गासाठी

शिक्षकांना यातून दोन-तीन सोपे उपक्रम करता येतील. पोखर्णीसारख्या कोणत्याही कापूस पिकवणाऱ्या गावात विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारावे : १९८० पासून आपल्या घरी कोणकोणते वाण लावले, कोणाच्या सांगण्यावरून लावले आणि का सोडले? 'का सोडले' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. दुसरा उपक्रम मेंडेलचा. दोन नाणी एकत्र उडवा. काटा म्हणजे जनुक नाही असे धरा. दोन्ही काटे येतील तो दाणा बिनविषारी. शंभर वेळा उडवून मोजल्यास सुमारे पंचवीस दाणे असे निघतील आणि बोंडातील अळीला काय मिळते हे मुलांना दिसेल.

तिसरा उपक्रम भाकीत-वहीचा. ड्रोनने फवारणी, कापसाची दाट लागवड, मोबाइलवर मिळणारा पिकाचा सल्ला यांपैकी एक विषय घेऊन विद्यार्थ्यांनी तारीख घालून लिहावे : हे कोणत्या शेतात चालेल, किती वर्षांत, काय दिसले म्हणजे माझे म्हणणे चुकले असे मी मान्य करीन, आणि ते चुकले तर पैसे कोणाचे जातील. वही शाळेत ठेवावी. पाच वर्षांनी पुढच्या तुकडीने ती उघडून तपासावी. निबंधाचे गुण द्यायचेच असतील, तर ठासून सांगण्याला न देता या चौथ्या रकान्यात किती विचार केला आहे ते पाहून द्यावेत.