रॅपची लय आणि वारल्यांचा आवाज

मुंबईतील ‘स्वदेशी’ या रॅपकारांच्या समूहाने 2019 मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. आरेच्या जंगलातील पाड्यांची कैफियत हा त्याचा विषय. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली, त्यामुळे या गीताची चर्चा बहुतांशी चळवळीच्या अंगाने झाली. काव्य म्हणून त्याचा विचार व्हावयाचा राहून गेला.

रॅपमध्ये अक्षरगण नाहीत, मात्रांची मोजदाद नाही. ठेक्याचे आघात ठरलेले. त्यांच्या दरम्यान कवीने अक्षरे दाटीने बसवावीत किंवा विरळ सोडावीत. जात्यावरच्या ओवीचा सैलपणा ज्या कानांना परिचित आहे, त्यांना हे परके वाटावयाचे कारण नाही. अडचण निराळीच आहे. मराठी वाक्य क्रियापदाने संपते, आणि क्रियापदांचे प्रत्यय एकमेकांशी इतक्या सहजपणे जुळतात की यमक साधण्यास प्रतिभेची गरजच उरत नाही. ‘जातो-खातो-गातो’ची ही स्वस्ताई पुष्कळशा मराठी रॅपचा घात करते. ती टाळावयाची तर वाक्य मोडावे लागते, क्रियापद मागे ढकलून नामावर आघात आणावा लागतो. आणि त्यासाठी हवा असतो अवकाश.

स्वतंत्र प्रकाशनाचे वाङ्मयीन मोल येथे आहे. त्याच वर्षी ‘गली बॉय’ चित्रपटातील ‘इंडिया 91’ या गीतात एम्‌सी मवाली आणि एम्‌सी तोडफोड हे ‘स्वदेशी’चे गडी होतेच. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी या तरुणांना कर्नाटक पद्धतीच्या बोलांची तालीम दिली होती, आणि तिचे तेज त्या गीतात जाणवते. परंतु तेथे भाषांची मिरवणूक आहे: प्रत्येकाने आपापल्या बोलीत चार ओळी म्हणाव्यात आणि पुढच्यास वाट द्यावी. मराठी तेथे दिसते, बोलत नाही. ‘वारली रिव्होल्ट’मध्ये ती बोलते, मवालीच्या तोंडची मुंबईची रांगडी मराठी दम घेऊ शकते.

तथापि या गीताच्या श्रेयनामावलीत आरेच्या केलटीपाड्याचे रहिवासी प्रकाश भोईर यांचे नाव पाहुणा कलावंत म्हणून येते. गीत वारल्यांचे, शीर्षक 1945 च्या वारल्यांच्या उठावाचे स्मरण देणारे, आणि वारली मात्र पाहुणा! हा केवळ नामनिर्देशाचा दोष नव्हे. भोईरांच्या आवाजात जो खडबडीत जिव्हाळा आहे, तो ऐकताच भोवतालचा शहरी आवेश उसना भासू लागतो. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिले तेव्हाही लेखणी बाहेरचीच होती. पण तेथे लेखिका आपले बाहेरचेपण जाणून होती. या गीतात ती जाणीव पुरेशी उमटत नाही.

वारली वस्ती आरेपाशी थांबत नाही. डहाणू-तलासरी ओलांडून ती सिल्वासा-खानवेलपर्यंत पोचते. दादरा आणि नगर हवेलीच्या आदिवासींत वारली समाजच सर्वांत मोठा. सिल्वासा 2 ऑगस्ट 1954 रोजी मुक्त झाले, त्या लढ्यात सुधीर फडके होते, याचे स्मरण आपण अगत्याने ठेवतो. पण त्या मुलखातील बोलीचे आपल्या समीक्षेस अगत्य दिसत नाही. मराठीशी नाते सांगणारी, गुजरातीच्या शेजारात वाढलेली ती बोली आहे. मवालीची मराठी आणि तोडफोडची गुजराती एका समूहात नांदल्या, हे मुंबईकरांस नवलाचे वाटले. सिल्वाशाच्या बाजारात तो नित्याचा व्यवहार आहे. (तोडफोडचे ‘ट्रुथ अँड बेस’ 2022 मध्ये निघाले, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये वयाच्या 24व्या वर्षी तो गेला. गुजराती रॅपची ही हानी मराठीनेही आपली मानावी.)

ध्वनिमुद्रणास आता मोठ्या कंपनीची आवश्यकता उरलेली नाही. तेव्हा पुढील गीत सिल्वाशाच्या बाजूच्या एखाद्या पाड्यातून, वारली बोलीतच यावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. तारप्याचा अखंड सूर आणि लग्नात धवलेरी गाते ती गीते यांची लय त्या ठरीव आघातांत बसेल, की आघातांनाच आपली जागा सोडावी लागेल, हे त्या गीतावाचून कोणास सांगता यावयाचे नाही.