मीठ, दिवा आणि बाक

हिमप्रदेशातील रस्त्यांवर टाकल्या जाणाऱ्या मिठाने पाण्याची जी हानी होते, तिची जाणीव लोकांस व्हावी म्हणून चौकाचौकांत आतून उजळणारी बाके मांडावीत, ही कल्पना आम्हांस प्रथम विलक्षण वाटली. शहागडच्या गोदाकाठी बसून बर्फावरच्या मिठाची चिंता वाहणे जरा हास्यास्पदच! परंतु कल्पना टाकाऊ नाही. तिची पारख मात्र व्हावयास हवी.

मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, रस्ता निसरडा राहत नाही आणि माणसांचे प्राण वाचतात. तेव्हा मीठ टाकणाऱ्यास दोषी ठरविणे सोपे नाही. पण बर्फ वितळला की त्यातील क्लोराइड ओढ्यात, तळ्यात, विहिरीत उतरते, आणि तेथून सहजासहजी निघत नाही. चमचाभर मीठ सुमारे १९ लिटर पाणी कायमचे बिघडविते, असे अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे प्रदूषण नियंत्रण खाते सांगते. विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दिव्याची योजना येथवर सार्थ आहे.

मात्र बाक रोज सारखेच उजळत राहिले, तर ते केवळ शोभेचे. हेलसिंकी येथे २००८ साली कलावंतांनी वीजकेंद्राच्या धुरांड्यातून निघणाऱ्या वाफेवर हिरवा लेझर प्रकाश टाकला होता. नागरिकांनी वीज कमी वापरली की तो हिरवा ढग मोठा होई. तेथे प्रकाश माणसाच्या कृतीस बांधलेला होता. क्षार वाढले की पाण्याची विद्युतवाहकता वाढते, आणि ती मोजणे मुळीच अवघड नाही. जवळच्या ओढ्यातील त्या मापानुसार ज्या बाकाचा रंग पालटेल, त्यालाच आम्ही खरी कलाकृती म्हणू.

आमच्याकडे बर्फ नाही, पण मीठ आहे. १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या लाभक्षेत्रात काही शिवारे क्षारपड झाली. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा मंद; पाणी अति दिले की भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि पांढरा थर मागे राहतो. हे मीठ दिसण्यासाठी दिवा नको, ते भर दुपारी चमकते! दिसत नाही ते खाली चढत असलेले पाणी. थर दिसू लागेपर्यंत चर खणण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

शहागडात असे एखादे बाक व्हायचेच, तर ते पारापाशी व्हावे. पाणीपाळीचा वाद तेथेच रंगतो. बाकाशेजारी भूजलाची पातळी दाखविणारी साधी नळी असावी, आणि पाणी पिकाच्या मुळांपर्यंत चढले की बाक लाल व्हावे.