उपशामक सेवा व समग्र परिचर्याविषयक संशोधन : एक चिकित्सा
(जालना जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

रोग बरा होणार नाही असे निश्चित झाल्यावर वैद्यकाचे कर्तव्य संपते की नव्याने सुरू होते, हा प्रश्न उपशामक सेवेच्या मुळाशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येनुसार, जीवघेण्या आजाराला सामोरे जाणाऱ्या रुग्णाचे व त्याच्या कुटुंबाचे जीवनमान सुधारणे आणि शारीरिक, मनोसामाजिक व आध्यात्मिक दुःखाचे वेळीच निवारण करणे म्हणजे उपशामक सेवा होय. समग्र परिचर्येची भूमिकाही हीच आहे. रुग्ण म्हणजे केवळ रोगग्रस्त अवयव नव्हे, हे तिचे पहिले सूत्र. तथापि, या विषयावरील संशोधन स्वतःच्या या सूत्राशी कितपत प्रामाणिक राहिले आहे, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

आधुनिक उपशामक सेवेच्या प्रवर्तक सिसिली साँडर्स या प्रथम परिचारिका, नंतर वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करताना त्यांच्यासमोर ‘समग्र वेदने’ची कल्पना होती. भारतात १९८६ साली मुंबईच्या वांद्रे येथे डॉ. लुईस डिसोझा यांनी शांती अवेदना सदन स्थापन केले. १९९३ मध्ये कालिकत येथे लोकसहभागावर आधारलेले कार्य सुरू झाले, तर १९९७ मध्ये पुण्यातील वारजे येथे सिपला उपशामक सेवा केंद्र उभे राहिले. केरळने २००८ साली आणि महाराष्ट्राने २०१२ साली उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले. धोरणाच्या बाबतीत महाराष्ट्र अग्रेसर राहिला. मात्र सेवा आणि संशोधन ही दोन्ही प्रामुख्याने मुंबई-पुण्याभोवतीच वाढली.

नमुना निवडीची मर्यादा :

जेथे संस्था तेथे संशोधन, हे स्वाभाविक आहे. परंतु त्यातून एक गंभीर पद्धतिशास्त्रीय दोष निर्माण होतो. रुग्णालयातील अभ्यासात तेथवर पोहोचलेला आणि तेथे टिकून राहिलेला रुग्णच समाविष्ट होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार असून त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील कर्करुग्ण छत्रपती संभाजीनगर वा मुंबई गाठतो, पैसे संपले की गावी परततो आणि अभ्यासाच्या तक्त्यात ‘पाठपुराव्यातून गळालेला’ अशी त्याची नोंद होते. वस्तुतः उपशामक सेवेची सर्वाधिक निकड याच रुग्णाला असते. ज्याच्यासाठी हे शास्त्र आहे, तोच त्याच्या आकडेवारीतून वगळला जातो, ही विसंगती केवळ तांत्रिक मानता येणार नाही.

परिचर्या संशोधनाची साचेबद्धता :

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांचा एक साचा सर्वपरिचित आहे. ‘अमुक विषयावरील नियोजित शिक्षण कार्यक्रमाची ज्ञानावरील परिणामकारकता’ असे शीर्षक, पूर्वचाचणी, व्याख्यान, काही दिवसांनी उत्तरचाचणी आणि गुणांत लक्षणीय वाढ झाल्याचा निष्कर्ष. शिकविल्यावर गुण वाढतात, हे सिद्ध करण्यासाठी प्रबंधाची आवश्यकता असते काय? वाढलेल्या ज्ञानामुळे एखाद्या रुग्णाची रात्र सुसह्य झाली का, हा खरा प्रश्न या साच्यात बसत नाही. परिणामी परिचारिकेने अनुभवातून मिळविलेले ज्ञान अभ्यासाचा विषय होण्याऐवजी तिचीच परीक्षा घेतली जाते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे अरुणा शानबाग यांचे प्रकरण. १९७३ ते २०१५ अशी सुमारे ४२ वर्षे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांच्या अनेक पिढ्यांनी आपल्या या सहकारिणीची शुश्रूषा केली. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेची प्रशंसा केली. या प्रकरणातून दयामरणाची चर्चा विपुल झाली. त्या तुलनेत भरविणे, कूस बदलणे, प्रतिसाद ओळखणे या दैनंदिन परिचर्येची शास्त्रीय मांडणी करण्याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही.

मोजमाप आणि भाषा :

वेदनेचे मापन बहुधा शून्य ते दहा या अंकश्रेणीने केले जाते. मॉर्फिनची मात्रा ठरविण्यासाठी ते उपयुक्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मराठवाड्यातील वृद्ध स्त्री आपले दुःख अंकात सांगत नाही. तिच्याजवळ कळ, ठणका, चमक, आग, ठसठस, मुंग्या असे नेमके शब्द आहेत. ‘जीव घाबरा होतो’, ‘जीव खालीवर होतो’ या प्रयोगांत शरीर आणि मन वेगळे काढता येत नाही. आग आणि मुंग्या हे शब्द मज्जातंतूंच्या वेदनेकडे निर्देश करू शकतात व त्यावरून औषधाची निवड बदलू शकते. म्हणजेच बोलीकडे दुर्लक्ष केल्याने केवळ सांस्कृतिक नव्हे, तर वैद्यकीय हानीही होते. आध्यात्मिकतेच्या प्रश्नावल्यांचेही असेच आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या आणि वारीची परंपरा जपणाऱ्या या जिल्ह्यात श्रद्धा बहुधा भजन, उपवास, नवस अशा कृतींतून व्यक्त होते. अनुवादित विधानांशी ‘सहमत’ वा ‘असहमत’ एवढेच नोंदवून ती हाती लागणे कठीण आहे.

कुटुंब हे गृहीतक :

गृहाधारित सेवेच्या बहुतेक अभ्यासांत घरी शुश्रूषा करणारी व्यक्ती उपलब्ध आहे, असे गृहीत धरलेले असते. जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर स्थलांतर करतात. पती-पत्नी मिळून एक कोयता मानला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या श्रमांतून फेडायची असते. सून सासूच्या शुश्रूषेसाठी मागे राहिली, तर कोयता मोडतो आणि कर्ज वाढते. अशा वेळी अंथरुणाला खिळलेली म्हातारी शेजाऱ्यांच्या आणि नातवंडांच्या भरवशावर राहते. ‘शुश्रूषाकर्त्याचा ताण’ मोजणाऱ्या प्रश्नावलीत गैरहजर शुश्रूषाकर्त्यासाठी रकाना नाही. केरळचे शेजारसमूहाचे प्रारूप येथे जसेच्या तसे लागू करण्यापूर्वी, हंगामात गावात कोण उरते, याचा अभ्यास व्हावयास हवा.

निष्कर्ष :

१) रुग्णालयाबाहेर पडलेला रुग्ण हा संशोधनाचा अपवाद न मानता त्याचा केंद्रबिंदू मानला पाहिजे. उपशामक सेवेचा आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या विस्तारित सेवांत समावेश असल्याने आशा व आरोग्यसेविकांच्या नोंदी हे त्याचे साधन होऊ शकते.

२) मॉर्फिनच्या उपलब्धतेसाठी अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली. तिचा लाभ तालुका पातळीवर कितपत पोहोचला, याची जिल्हानिहाय पाहणी आवश्यक आहे.

३) वेदनेच्या बोलीशब्दांचा कोश तयार करणे, हे भाषा व परिचर्या या दोन्ही विद्याशाखांचे संयुक्त कार्य ठरावे. २०२४ मध्ये जालन्यात सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्ह्यातील कला महाविद्यालये यांना ते सहज हाती घेता येईल.

४) स्थलांतर, कर्ज आणि स्त्रियांचे श्रम यांना वगळून केलेले परिचर्येचे कोणतेही संशोधन ‘समग्र’ म्हणविण्यास पात्र नाही.

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. उपशामक सेवेच्या संशोधनाने हा मूळ अर्थ प्रमाण मानला, तर रुग्णाला काय विचारावे याइतकेच तो काय सांगतो आहे, यालाही महत्त्व प्राप्त होईल.