साठ कोटींची हाक

खानदेशातल्या मिशनवर लिहिणारे आपण सगळे एक वाक्य हमखास लिहितो : इंग्रजीचे आमिष दाखवून धर्मप्रसार झाला. जळगावच्या एका स्मरणिकेत मीही ते लिहिले आहे. आता मागे घेतो.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल न्यूएल या मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांची पुस्तिका १८१८ साली अमेरिकेत निघाली. जगातल्या साठ कोटी लोकांचा तुमच्यावर हक्क आहे, हे तिचे सूत्र. ही सरळ भरतीची हाक. तिचा हिशेबीपणा मला खटकतो. माणसे तिथे आकडा होऊन येतात. पण लिहिणाऱ्याने स्वतःचा जीवही त्यात घातला होता. १८२६ साली नाशिकच्या फेरीत हॉल पटकीने गेला.

पुढच्याच वर्षी सिंथिया फॅरार आली, अविवाहित, मुलींना शिकवायला. आधी मुंबईत, मग अहमदनगरला. तिला आधी मराठी शिकावी लागली. आणि १८५४-५५ च्या दौऱ्यात रुफस अँडरसन यांनी तर मिशनच्या इंग्रजी शिक्षणालाच कात्री लावली. इंग्रजी शिकलेला मुलगा चर्चकडे नव्हे, कचेरीकडे वळतो, ही त्यांची तक्रार.

आमच्या पश्चिम खानदेशात नंतर आलेली स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० साली अमेरिकेतल्या स्कँडिनेव्हियन वस्त्यांतून माणसे गोळा करून उभारलेली. त्यांतल्या कित्येकांच्या घरची भाषाही इंग्रजी नव्हती.

मग आमिष कुणी कुणाला दाखवले? मिशनचे अहवाल चाळणाऱ्यांनी एकदा धुळ्याच्या कचेरीतले नोकरीचे अर्जही चाळावेत.