देवघरातल्या देवांचं चरित्र कोण लिहिणार?

“तुमच्या घरात एवढे पुतळे कशाला?” हा प्रश्न तुम्हाला वर्गात कोणीतरी विचारलाच असेल. त्यावर आपलं ठरलेलं उत्तर: ती नुसती प्रतीकं आहेत, मन एकाग्र करायला. उत्तर अगदीच खोटं नाही, पण ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं आहे. आजीला सांगून बघा! प्रतीकाला कोणी रोज आंघोळ घालून नैवेद्य दाखवत नाही.

या गुळमुळीत उत्तरातून बाहेर पडायचं तर रिचर्ड डेव्हिस यांचं ‘लाइव्ह्ज ऑफ इंडियन इमेजेस’ (१९९७) जरूर वाचा. मूर्ती घडवून झाली की तिचा अर्थ ठरून गेला, असं ते मानत नाहीत. प्राणप्रतिष्ठा, लूट, पुरलं जाणं, पुन्हा सापडणं, संग्रहालयाची काच अशा प्रत्येक टप्प्यावर बघणारे बदलतात आणि मूर्तीही वेगळी होते. सगळ्यात रंगलेलं प्रकरण पत्थूरच्या नटराजाचं. १९७६ मध्ये तमिळनाडूत जमिनीतून निघालेला हा नटराज विकत विकत लंडनला पोचला, आणि तिथल्या कोर्टात त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांमध्ये मंदिरातलं शिवलिंगसुद्धा होतं. १९९१ मध्ये अपील कोर्टातही मंदिरच जिंकलं.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. पुस्तकात राजे आहेत, मंदिरं आहेत, संग्रहालयं आहेत. देवघर मात्र जवळपास नाहीच. त्यामुळे मूर्तीचा प्रवास म्हटला की लूट, विक्री आणि खटला एवढंच डोळ्यांसमोर येतं. आपल्या घरातले देव असे फिरलेले नाहीत. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण लग्नात मुलीबरोबर माहेरून सासरी आले. टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले खंडोबा-भवानी, भाऊ वेगळे झाले की बऱ्याच घरांत धाकट्यासाठी नवे करून घेतले जातात. लग्न आणि वाटणी, बहुतेक बायकांच्या हातून झालेला हा प्रवास. त्याची नोंद कुठल्या संग्रहालयात सापडणार?

आणि घरातला देव म्हणजे काही कमी गुंतागुंतीचा मामला नव्हे. कलकत्त्याच्या मुल्लिक कुटुंबात कुलदेवतेची पूजा पाळीपाळीनं होई. आपल्या पाळीत देव आपल्या घरी न्यायचा की नाही, यावरून भांडण थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९२५ चा निकाल असा की मूर्ती ही नुसती जंगम मालमत्ता नाही. तिनं कुठे राहायचं यात तिचीही इच्छा धरायला हवी, आणि ती मांडायला त्रयस्थ माणूस नेमावा. आता हे त्या ‘नुसत्या प्रतीका’त कसं बसवाल?

अर्थात, उलट टोकही बरोबर नाही. गणपतीची उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरून जराशी हलवली, की कालपर्यंत जिला धक्का लागू नये म्हणून जपलं ती विसर्जनाला मोकळी. देवपण येतं तसं जातंही, आणि दोन्ही माणसांच्या हातून. डेव्हिस यांची मांडणी इथे चपखल बसते, म्हणून तर घर सुटल्याची हळहळ जास्त वाटते.

तुमच्या पिढीपुढचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. आजीचं देवघर पुण्यात, एक नातवंड लंडनला, एक दुबईत, एक न्यू जर्सीत. टाक कोणाकडे जाणार? ज्याचा विश्वासच नाही त्यानं ते न्यायचे का? पुढच्या सुट्टीत घरी गेलात की निदान एवढं विचारून ठेवा: यातला कुठला देव कोणाबरोबर आला?